बरफातच राहून तहान काहून लागते? (पोट्ट्यांचा एक प्रश्न आणि माझा एक)

पऱ्हाटी (दिग्रस तालुका, यवतमाळ)

मंडळी, नमस्कार.

मे महिना आहे. पारा ४५ च्या खाली उतरायला तयार नाही, आणि संध्याकाळी गेलेली लाईन कधी येईल हे खुद्द लाईनमनलाही सांगता येत नाही. मग अख्खी आळी स्लॅबवर. दोन बादल्या पाणी ओतायचं, वाफ निघून जाऊ द्यायची, गोधड्या टाकायच्या, की पोट्टे माझ्याभोवती गोळा. गावचं वाचनालय मी सांभाळतो (म्हणजे एक खोली, चार कपाटं आणि एक कुलूप, बाकी वेळ कापूस आणि तूर), म्हणून गोष्टी सांगणं हेही माझंच काम असं गावानं परस्पर ठरवून टाकलंय. भुतं संपली. मागच्या उन्हाळ्यात वाघही संपले. यंदा म्हटलं उत्तर ध्रुव काढू, निदान ऐकून तरी गार वाटेल.

सुरुवात केली नॉर्वेच्या फ्रिड्ट्यॉफ नान्सेनपासून. या गड्याचं डोकं मला फार आवडतं. १८८१ साली सायबेरियाच्या उत्तरेला 'जेनेट' नावाचं अमेरिकन जहाज बर्फानं चिरडून बुडवलं. तीन वर्षांनी त्यातलं सामान पार तिकडं ग्रीनलंडच्या किनाऱ्याला लागलं. लोक हळहळले. नान्सेननं हिशेब मांडला: सामान वाहत आलं, म्हणजे बर्फ चालतो. मग आपणच जहाज नेऊन त्या बर्फात मुद्दाम अडकून बसावं, तो नेईल ध्रुवाकडं. त्यासाठी 'फ्राम' हे जहाज गोल बुडाचं बांधून घेतलं. बर्फानं आवळलं की चिरडायच्या ऐवजी वर उचललं जाईल असं. पोट्ट्यांना हे कळायला वेळ लागला नाही. चोखलेली कोय मुठीत दाबली की सटकन वर उडते, तेच. पुढची दहा मिनिटं स्लॅबवर कोया उडत होत्या आणि खालून शिव्या येत होत्या.

तर १८९३ ला निघालेलं 'फ्राम' बर्फात अडकलं आणि खरंच चालू लागलं, पण हवं तेवढं उत्तरेला जाईना. म्हणून १४ मार्च १८९५ ला नान्सेन आणि यालमार योहान्सेन हे दोघंच जहाज सोडून निघाले. २८ कुत्रे, ३ घसरगाड्या, २ कयाक (एका माणसाच्या अरुंद होड्या). ८ एप्रिलला उत्तर अक्षांश ८६ अंश १४ मिनिटांवर पोचले. तोवर इतक्या उत्तरेला कोणी गेलेलं नव्हतं. आणि तिथून नान्सेन मागं फिरला.

इथं आठवीतल्या एका पोट्टीनं अडवलं. मी आधी बोलून गेलो होतो, की १८८८ ला ग्रीनलंड ओलांडताना नान्सेनच्या माणसांचे तहानेनं हाल झाले. ती म्हणे, "काका, चोहीकडं बरफच बरफ हाये म्हन्ता, मंग त्याईले तहान काहून लागे? उचलाचा अन् खायाचा." मी म्हटलं, बरफ खाऊन तहान भागत नाही. "काहून?" आता काहून ते मला तरी कुठं माहीत. मी आयुष्यात पाहिलेला बर्फ म्हणजे लग्नात येणारी भुशातली लादी.

हा झाला तिचा प्रश्न. माझा वेगळा आहे. नान्सेन फिरला तेव्हा ध्रुव सुमारे ४२० किलोमीटरवर होता. आमच्या गावाहून नागपूरला जाऊन परत यावं एवढाच. अंगात जोर होता, कुत्रे होते, मागं कोणी ओढत नव्हतं. तरी फिरला. आणि दोनच वर्षांनी स्वीडनचा आंद्रे हायड्रोजनचा फुगा घेऊन त्याच ध्रुवाकडं उडाला, निघतानाच खोट झाली, तरी उतरला नाही. एकाला मागं फिरणं सुचतं अन् दुसऱ्याला नाही, हे कशावर ठरत असेल? पुस्तकातली हिंमत-बिंमत नको. बर्फात राहिलेलं कोणी इथं असेल तर त्यानं सांगावं.

---

निवृत्त_हवालदार (बुलढाणा जिल्हा)

पऱ्हाटी भाऊ, मी १९९६ साली सियाचीनला पोस्टवर होतो. ध्रुव नाही पाहिला, पण बर्फ पोटभर पाहिला. पोरीला सांगा, प्रश्न एकदम बरोबर आहे. नवा जवान वर आला की पहिल्या दिवशी हेच करतो. बर्फ उचलतो आणि तोंडात टाकतो. संध्याकाळपर्यंत ओठ फुटतात, जिभेला फोड येतात, आणि तहान आहे तिथंच.

कारण असं. बर्फाचं पाणी व्हायला उष्णता लागते आणि ती जाते तुमच्या अंगातून. नुसत्या वितळण्यालाच किलोमागं ८० किलोकॅलरी. त्याआधी उणे ३० चा बर्फ शून्यावर आणायला १५, आणि नंतर ते पाणी अंगाइतकं कोमट करायला आणखी ३७. लिटरभर पाण्यामागं साधारण एक भाकर जळाली समजा. त्या थंडीत अंगाला भाकर जाळायची मुभा नसते.

म्हणून वर पाणी आणायचं नसतं, बनवायचं असतं. रॉकेल संपलं म्हणजे पाणी संपलं. आणि बनवायचीही रीत आहे. भुसभुशीत बर्फानं गच्च भरलेलं भांडं स्टोव्हवर ठेवलं तर तळाला थोडं पाणी होतं, ते वरचा बर्फ शोषून घेतो, आणि कोरडं भांडं करपतं. हो, बर्फ करपतो! चहाला जळका वास येतो. आधी तळाशी घोटभर जुनं पाणी ठेवायचं आणि मग मूठमूठ बर्फ टाकत जायचं. एवढा खटाटोप करून भांडंभर बर्फाचं पाणी निघतं तळाशी बोटभर.

वरून तहान जास्तच लागते. हवा कोरडी. प्रत्येक श्वासाबरोबर ओल बाहेर. ओझं ओढताना घाम येतो तो वेगळा. आणि घाम हा तिथं थंडीपेक्षा वाईट शत्रू. नान्सेन आणि योहान्सेनचे लोकरी कपडे घामानं भिजून असे गोठले होते, की अंगावर चिलखत घातल्यासारखं. बाहीची कडक कड घासून नान्सेनच्या मनगटावर खोल जखमा झाल्या. रात्री दोघं एकाच झोपायच्या पिशवीत शिरायचे, आणि आधी तास-दीड तास कपडे वितळेपर्यंत दात वाजवत पडून राहायचे. हे वाचलं तेव्हा मला माझे हातमोजे आठवले.

ग्रीनलंडला त्याच्या माणसांनी बाटल्यांत बर्फ भरून छातीशी कपड्यांच्या आत धरला होता, चालता चालता जेवढं वितळेल तेवढं प्यायचं. म्हणजे भाकर जाळायचीच, पण हळूहळू. नंतरच्या सफरीत त्यांच्याकडं प्रायमस स्टोव्ह होता. तोच, आपल्या घरोघरी भुरभुर करायचा तो. स्वीडनमध्ये १८९२ च्या सुमारास निघाला आणि लगेच नान्सेनबरोबर ध्रुवाकडं गेला.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला फौजी उत्तर देतो. चढताना प्रत्येकाला वाटतं मी जाईन. कमांडर तो, जो निघायच्या आधीच ठरवतो की अमुक वाजता, अमुक ठिकाणाहून परत. वर गेल्यावर ठरवायला बसलं तर डोकं साथ देत नाही. ऑक्सिजन कमी, झोप नाही, आणि शिखर समोर दिसतंय. आंद्रेचं मला माहीत नाही.

---

भूगोलवाली (वर्धा)

हवालदारकाका, बर्फ करपतो हे मी २२ वर्षं भूगोल शिकवून आज ऐकलं. उद्याच वर्गात सांगते. सुट्टी आहे म्हणा, पण लक्षात ठेवते.

एक भर घालते. ध्रुवाजवळ पायाखाली जमीन नाही, गोठलेला समुद्र आहे. मग बर्फ खारट नाही का? नवा असतो. पण एखादा उन्हाळा काढलेल्या जुन्या बर्फातलं मीठ हळूहळू खाली गळून जातं. त्याच्यावर उन्हाळ्यात जी डबकी साचतात ती गोडी असतात. कुठला बर्फ जुना हे ओळखता येणं, हे तिथलं अर्धं शहाणपण.

आता नान्सेन का फिरला. पायाखालचा तो समुद्र हलता आहे हे लक्षात घ्या. दिवसभर उत्तरेला चालायचं आणि मोजणी केली की जेवढं चाललो तेवढं पुढं आलेलोच नाही, कारण बर्फ उलटा दक्षिणेला सरकतोय. ८ एप्रिलला तो एका उंचवट्यावर चढला तर क्षितिजापर्यंत नुसते मोडके-उभे बर्फाचे ढीग. नांगरलेल्या ढेकळांच्या वावरात बैलगाडी हाकून पाहा. ढेकळं माणसाएवढी आणि वावराला धुरा नाही असं समजून. त्यानं हिशेब केला की असंच गेलो तर ध्रुव मिळेल न मिळेल, परतीचं अन्न नक्की पुरणार नाही. 'फ्राम'कडं परतणं तर निघतानाच बाद होतं. ते बर्फाबरोबर कुठं वाहत गेलंय कोणाला ठाऊक! हवालदारकाका म्हणतात ते निघतानाच ठरवणं ते हेच.

आणि फिरून तरी काय सुख! थोड्याच दिवसांत दोघंही घड्याळांना किल्ली द्यायला विसरले. घड्याळं बंद म्हणजे रेखांश गेला, पूर्व-पश्चिमेला आपण कुठं आहोत ते अंदाजानं. रशियाच्या उत्तरेला फ्रान्झ जोसेफ लँडच्या एका बेटावर थंडीनं गाठलं तेव्हा दगड रचून, वर वॉलरसची (सुळेवाला समुद्री प्राणी) कातडी टाकून एक बुटकी खोली केली, आणि ऑगस्टअखेरीपासून पुढच्या मेपर्यंत अस्वल आणि वॉलरस खाऊन राहिले. ताज्या मांसामुळं स्कर्व्ही (हिरड्या सडवणारा रोग) झाला नाही, उलट वजन वाढलं!

मला मात्र या सगळ्यात एक गोष्ट सगळ्यात गमतीची वाटते. हे दोघं इतके महिने एका पिशवीत झोपत होते, एका भांड्यात खात होते, आणि एकमेकांना अहो-जाहो करत होते. १८९५ च्या ३१ डिसेंबरच्या रात्री नान्सेननं सुचवलं, की आता अरे-तुरे करायला हरकत नाही. आमच्याकडे नवी जाऊसुद्धा एवढा वेळ घेत नाही.

(अवांतर: आपल्या लोकमान्यांनी १९०३ साली 'द आर्क्टिक होम इन द वेदाज' लिहून आर्यांचं मूळ घर ध्रुवाजवळ होतं असं मांडलं. वेदातली उषा एका सकाळची नाही, कितीतरी दिवस रेंगाळणारी आहे, आणि तशी पहाट ध्रुवाकडंच होते, हा त्यांचा एक मुद्दा. अभ्यासक आज ते मानत नाहीत, पण कधी बर्फ न पाहिलेल्या पोरांना सांगायला फर्मास आहे. शिवाय २००८ पासून नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर न्यू-ऑलेसुंदला भारताचं 'हिमाद्री' संशोधन केंद्र आहे. पूर्वीचं कोळसा खाणीचं गाव, ७९ अंश उत्तर. ऑक्टोबरअखेर सूर्य मावळला की फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत उगवत नाही.)

---

झाडीपट्टी (गडचिरोली)

सगळे नान्सेनवरच बसले. तिथं राहणाऱ्या माणसांबद्दल कोणीच बोलेना, म्हणून लिहितो.

१८४५ मध्ये इंग्रजांचा फ्रँकलिन १२९ माणसं आणि 'एरेबस', 'टेरर' ही दोन जहाजं घेऊन कॅनडाच्या वरून वाट काढायला गेला. डबाबंद अन्न, पुस्तकं, चांदीचे काटे-चमचे, सगळं बरोबर. एकही परत आला नाही. १८५४ मध्ये जॉन रे या माणसाला तिथल्या मूळ रहिवासी इनुइट लोकांनी सांगितलं, की उपाशी गोरे दक्षिणेकडं चालत होते आणि शेवटी मेलेल्यांना खात होते. लंडनमध्ये लोक म्हणाले, जंगली लोकांवर काय विश्वास ठेवायचा! 'एरेबस' २०१४ ला सापडलं, इनुइट पिढ्यान्‌पिढ्या सांगत होते त्याच भागात. २०१६ ला 'टेरर' सापडलं तेही एका इनुइट माणसानं सांगितलेल्या खुणेवरून. दीडशेवर वर्षं उत्तर समोर होतं, विचारायला कोणी जाईना.

याच्या उलट नॉर्वेचा अमुंडसेन. १९०३ ला छोट्याशा 'योआ' जहाजातून मोजकी माणसं घेऊन त्याच वाटेला गेला. दोन हिवाळे इनुइटांजवळ मुक्काम केला, कातडी कपडे कसे सैल घालायचे, कुत्रे कसे हाकायचे ते शिकला आणि १९०६ ला पार बाहेर पडला. काका, तुमचा तो घामाचा मुद्दा: सैल कातडी कपड्यात हवा खेळती राहते, घाम गोठत नाही. नान्सेनला लोकर नडली.

१९०९ मध्ये अमेरिकेचा पिअरी ध्रुवावर पोचलो म्हणाला (पोचला की नाही यावर भांडण अजून चालू आहे). त्याच्यासोबत मॅथ्यू हेन्सन होता आणि ऊटा, एगिंगवा, सीग्लू, ऊकेआ हे चार इनुइट. नावं मुद्दाम लिहिली. पोट्ट्यांना सांगताना गाळू नका.

मी प्राणीगणनेला रोजंदारीवर जातो. एका साहेबानं यंत्रात पाहून पाणवठा डावीकडं सांगितला. आमचा माडिया म्हातारा उजवीकडं चालू लागला. पाणी कुठं होतं ते सांगत नाही.

---

पऱ्हाटी

राजेहो, काय लिहिलंत एकेकानं! काल रात्री मोबाईलच्या उजेडात सगळं वाचून दाखवलं. करपलेल्या बर्फावर पोट्टे अर्धा तास हसले. ऊटा आणि एगिंगवा ही नावं दोन वासरांना लागलीसुद्धा.

माझ्या दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर काकांनी आणि बाईंनी दिलं. उरलेलं अर्धं मला वाचता वाचताच सापडलं, ते लिहितो.

आंद्रेबद्दल आपण एक गोष्ट विसरतो. तो एकदा मागं फिरला होता! १८९६ च्या उन्हाळ्यात स्वालबार्डच्या डेन्स बेटावर फुगा भरून दक्षिणेच्या वाऱ्याची वाट पाहत बसला. वारा आलाच नाही. पैसा आल्फ्रेड नोबेलचा, राजाचा. सगळ्या देशाचे डोळे लागलेले. तरी गडी फुगा घडी करून परत गेला. शहाणाच म्हणायचा.

पण तो तिथं बसलेला असतानाच ऑगस्टमध्ये कोण यावं? 'फ्राम'. तीन वर्षांनी बर्फातून सुटलेलं, नुकतंच. सगळी माणसं जिवंत. आणि त्याच सुमारास तिकडं नान्सेन-योहान्सेनही नॉर्वेला पोचले. म्हणजे हा रिकाम्या हातानं घरी गेला, आणि शेजारच्या घरी गुलाल. तेव्हा स्वीडन-नॉर्वे एकाच राजाखाली होते आणि दोघांचं एकमेकांशी जमत नव्हतं. त्याच्या सोबतचा हवामानवाला एकहोल्म म्हणत होता, फुगा गळतोय, इतके दिवस हवेत टिकणार नाही. तो बाहेर पडला. त्याच्या जागी दुसरा मिळाला.

हे वाचलं आणि मला २०१४ आठवलं. मृग कोरडा चाललेला. मी थांबलो होतो, पक्का थांबलो होतो. मग शेजारच्यानं धूळपेरणी केली. दुसऱ्यानं केली. एक दिवस बारीक सर आली आणि त्यांच्या वावरात हिरव्या ओळी दिसल्या. चावडीवर एक जण हसत म्हणाला, "भाऊ पुस्तकातला पाऊस पाहून रायले." दुसऱ्या दिवशी मी ८ पाकिटं सरकी टोबली. आभाळ पाहून नाही टोबली. त्या हसण्यावर टोबली. पुढं पाण्यानं डोळे वटारले आणि सगळं जळालं. शेजाऱ्याचंही जळालं, पण त्याचं दुःख मला कमी वाटतं, त्यानं निदान स्वतःच्या डोक्यानं पेरलं होतं. दुबार पेरणीला बायकोच्या कानातलं गेलं. ते अजून आलं नाही.

११ जुलै १८९७ ला वारा आला. आंद्रे, श्ट्रिंडबेर्ग आणि फ्रेंकेल उडाले. फुगा वळवायला खाली लोंबते दोर होते, त्यांचे खालचे तुकडे फिरकीनं जोडलेले. निघताना टोपली पाण्याला टेकली, दोर पिळले, तुकडे सुटून किनाऱ्यावरच राहिले. आता फुगा वळवता येईना. हलका झाला म्हणून वर गेला, वर गेला म्हणून वायू जास्त गळला. मग धुकं, मग फुग्यावर बर्फाचं वजन. १४ जुलैला बर्फावर उतरले. तिथून जवळपास तीन महिने बर्फावर, बहुतेक पायी. ऑक्टोबरमध्ये क्विटोया बेटावर तंबू टाकला आणि तिथंच संपले. अन्न होतं, अस्वलं मारत होते, प्रायमस स्टोव्हही होता. कशानं मेले यावर डॉक्टर अजून भांडतात. ३३ वर्षांनी, १९३० ला, नॉर्वेच्या जहाजाला तो तळ सापडला. बर्फात पडलेल्या फिल्ममधून ९३ फोटो निघाले. एकात आडवा पडलेला फुगा आहे आणि समोर दोघं नुसते उभे आहेत, हात खाली सोडून. जळालेल्या वावराच्या धुऱ्यावर माणूस तसाच उभा राहतो. मी राहिलो होतो.

दोर सुटले तेव्हा वायू सोडून लगेच उतरता आलं असतं म्हणतात. किनाऱ्यावर माणसं उभी होती, पाहत.

असो. काका, एक काम आहे. माळ्यावर आजीचा पितळी प्रायमस सापडला. पोट्ट्यांनी ठरवलंय, लग्नातली लादी आणायची, कुस्करायची आणि करपवून पाहायची. पंपाचं चामडं वाळलंय आणि पिन नाही. रॉकेल तर रेशन दुकानातून कधीच गेलं. डिझेल चालेल का?

---

निवृत्त_हवालदार

डिझेल अजिबात टाकू नका, धूर करतं, बर्नर बुजतो. पेट्रोलचं तर नावही काढू नका. चामडं रात्रभर गोडेतेलात बुडवून ठेवा, सुटेल. पिन जुन्या भांडीवाल्याकडे विचारा, मेहकरला माझ्या ओळखीच्या एका दुकानात अजून आहेत, पाकिटात घालून पाठवतो. रॉकेल पाव लिटर माझ्याकडे आहे, पण ते एस.टी.त नेऊ देत नाहीत.

पोरांना स्टोव्हपासून हातभर लांब बसवा. आणि लादी कुस्करताना आधी भुसा धुऊन घ्या, नाहीतर करपेल तो भुसा, आणि पोरगी म्हणेल काका खोटं बोलले.

---

भूगोलवाली

रविवारी करणार असाल तर मी येते. वर्ध्याहून सकाळची गाडी आहे.